श्वासनलिकेंत नेलेला दिवा

मनुष्याच्या शरीरांत कित्येक दालनें अशीं आहेत कीं, जन्मापासून मरणापर्यंत त्यांत प्रकाशाचा किरण कधीं शिरत नाहीं. फुप्फुसांकडे जाणारा श्वासाचा मार्ग हें त्यांपैकींच एक दालन होय. हवा त्या वाटेनें दिवसांतून हजारों वेळां जाते-येते. तिच्याबरोबर धूळ जाते, धूर जातो, रोगबीजेंहि जातात. प्रकाश तेवढा जात नाहीं. स्वरयंत्राच्या खालीं श्वासनळी उतरते, छातींत तिचे दोन फांटे होतात, त्या फांट्यांना पुन्हां फांटे फुटतात, आणि उलट्या धरलेल्या वृक्षाप्रमाणें हा पसारा बारीक बारीक डहाळ्यांपर्यंत पसरत जातो. या वृक्षाच्या पोकळ खोडांत आणि फांद्यांत जो कर्करोग उत्पन्न होतो, त्याचा आरंभ आंतल्या पातळ अस्तरांत होतो. तेथें आरंभीं दुखणें नाहीं, सूज नाहीं, ताप नाहीं. खोकला येतो, पण धूम्रपान करणाऱ्यास खोकला हा नेहमींचाच सोबती असल्यामुळें त्याकडे कोणी लक्ष देत नाहीं. रोग स्वतः होऊन आपली वर्दी देतो, तेव्हां बहुधा फार उशीर झालेला असतो.

या अंधाऱ्या वाटेवर माणसानें दिवा कसा नेला, त्याचा हा इतिहास आहे. वरवर पाहणाऱ्यास तो नळ्या, आरसे आणि कांचा यांचा इतिहास वाटेल. वस्तुतः त्यांत एका मोठ्या प्रश्नाचा धागा प्रथमपासून शेवटपर्यंत गुंतलेला आहे. जें दिसतें तें कळतें काय? आणि जें लवकर दिसतें, त्यावर उपाय लवकर होतोच काय? वैद्यकाला या प्रश्नांचीं उत्तरें एकदम मिळालीं नाहींत. प्रत्येक नव्या दिव्याबरोबर तीं पुन्हां पुन्हां तपासून पाहावीं लागलीं.

शरीराच्या पोकळींत कृत्रिम प्रकाश सोडण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न फ्रँकफुर्ट येथील फिलिप बोझिनी या तरुण वैद्यानें केला. १८०६ सालीं त्यानें आपल्या उपकरणाची माहिती प्रसिद्ध केली. एक मेणबत्ती, आरसा आणि निरनिराळ्या आकारांच्या नळ्या, एवढेंच त्याचें साहित्य होतें. व्हिएन्ना येथील वैद्यकीय पंडितांना तें पसंत पडलें नाहीं, आणि १८०९ सालीं बोझिनी ऐन पस्तिशींत ज्वरानें वारला. कल्पना मात्र मेली नाहीं. पुढें १८५४ सालीं ज्यानें गळ्यांतील स्वरयंत्र प्रत्यक्ष हालतांना पाहिलें, तो वैद्य नव्हताच. मॅन्युएल गार्सिया हा स्पॅनिश घराण्यांतील गायनाचार्य लंडनमध्यें शिकवीत असे. गळ्यांतून स्वर नेमका कसा निघतो, हें जाणण्याची त्याला तळमळ लागली होती. पॅरिसमध्यें असतां त्यानें दंतवैद्याचा लांब दांड्याचा लहान आरसा घशांत धरला, दुसऱ्या आरशानें सूर्याचा प्रकाश त्यावर पाडला, आणि आपलेंच स्वरयंत्र उघडतांना व मिटतांना पाहिलें. १८५५ सालीं त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें वाचला गेला. गळ्याची साधना करणाऱ्यानेंच गळ्याचें रहस्य प्रथम पाहावें, हा योग मोठा समर्पक होता.

परंतु आरशानें कोपऱ्यावरून डोकावतां येतें. आंत उतरतां येत नाहीं. जर्मनीतील फ्रायबुर्ग शहरीं अडोल्फ कुसमाऊल यानें १८६८ सालीं तरवार गिळून दाखविणाऱ्या एका खेळवाल्याला बोलाविलें, आणि त्याच्या अन्ननलिकेंतून एक सरळ नळी जठरापर्यंत घातली. मान मागें टाकली म्हणजे वांकडा मार्ग सरळ होतो, हें त्या खेळवाल्याला ठाऊकच होतें. वैद्यकानें तें त्याच्यापासून घेतलें. पण बाहेर ठेवलेल्या दिव्याचा उजेड तळापर्यंत पुरेना, आणि त्यामुळें नळी पोंचली तरी दृष्टि पोंचली नाहीं. पुढें दोन साधनें हातीं आलीं. १८८४ सालीं व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यानें कोकेनच्या थेंबांनीं डोळा बधिर करून दाखविला, आणि लौकरच घसाहि तसाच बधिर करतां येऊं लागला. दुसरें साधन विजेच्या दिव्याचें. या दोहोंच्या जोरावर १८९५ सालीं बर्लिनच्या आल्फ्रेड किर्स्टाइन यानें आरशावांचून, सरळ दृष्टीनें स्वरयंत्र पाहिलें. त्याच वर्षाच्या अखेरीस राँटगेनला क्ष-किरणांचा शोध लागला. शरीराच्या आंत डोकावण्याच्या दोन वाटा अशा एकाच वर्षीं उघडल्या. क्ष-किरणांनीं सावली दाखविली. नळीनें प्रत्यक्ष रूप दाखविलें.

यानंतर दोनच वर्षांनीं, १८९७ सालीं, त्याच फ्रायबुर्ग शहरांत गुस्टाव्ह किलियन याच्याकडे त्रेसष्ट वर्षांचा एक शेतकरी आला. जेवतांना डुकराच्या हाडाचा तुकडा त्याच्या उजव्या श्वासनलिकेंत जाऊन अडकला होता. गळ्याला छेद देऊन श्वासनळी उघडणें, हाच त्या काळचा मार्ग. आणि तोहि भरंवशाचा नव्हता. किलियननें कोकेननें घसा बधिर केला, अन्ननलिका पाहण्याची सरळ नळी स्वरयंत्रांतून खालीं सोडली, बाहेरून विजेच्या दिव्याचा प्रकाश आंत टाकला, आणि लांब चिमट्यानें हाडाचा तुकडा बाहेर काढला. श्वासनलिका ताठ व नाजूक असल्यामुळें तींत नळी घालणें म्हणजे ती फाडणेंच, अशी तोंपर्यंत समजूत होती. ती लवचिक असते, बाजूला सरते, आणि नळीला वाट देते, हें किलियननें दाखविलें. श्वासनलिका प्रत्यक्ष पाहण्याच्या शास्त्राचा आरंभ येथून धरतात.

प्रकाश बाहेरून आंत टाकण्याऐवजीं दिवाच आंत न्यावा, हें पुढचें पाऊल अमेरिकेंतील शेव्हलिए जॅक्सन यानें टाकलें. १९०४ च्या सुमारास त्यानें नळीच्या आंतल्या टोंकाशीं अगदीं लहानसा विजेचा दिवा बसविला. जॅक्सन हा हातानें चित्रें काढणारा रसिक कारागीर होता. श्वासनलिकेंत जें दिसे तें तो रंगीत खडूंनीं स्वतः रेखाटून ठेवीत असे. मुलांनीं गिळलेल्या टांचण्या, बटणें, नाणीं, खिळे अशा दोन हजारांहून अधिक वस्तु त्यानें आपल्या आयुष्यांत बाहेर काढल्या, आणि त्या संग्रहानें फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयांत आजहि लोक थक्क होतात. घरांतील दाहक क्षार पिऊन ज्या मुलांच्या अन्ननलिका जळत, तीं पाहून त्यानें वर्षानुवर्षें खटपट केली, आणि १९२७ सालीं अशा पदार्थांच्या डब्यांवर इशारा छापण्याचा कायदा अमेरिकेंत झाला. नळींतून जें दिसलें त्यानें या मनुष्याला नळीच्या बाहेरच्या जगाकडेहि पाहावयास लावलें, हें येथें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. या इतिहासाच्या शेवटीं आपल्याला पुन्हां याच वळणावर यावयाचें आहे.

जॅक्सनच्या उमेदीच्या काळांत फुप्फुसाचा कर्करोग हा दुर्मिळ रोग मानला जात असे. १९१२ सालीं न्यूयॉर्कच्या आयझॅक ॲडलर यानें या विषयावर पहिला स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तेव्हां जगांतील उपलब्ध नोंदींतून त्याला अवघे ३७४ रोगी सांपडले. आणि इतक्या विरळ रोगावर ग्रंथ लिहावा कीं नाहीं, याबद्दल त्याला प्रस्तावनेंतच समजूत घालावी लागली. पुढील वीस-तीस वर्षांत चित्र पालटलें. यंत्रावर वळलेली स्वस्त सिगारेट घरोघर पोंचली, महायुद्धांत ती सैनिकांना वांटली गेली, आणि रुग्णालयांत पूर्वीं जो रोग वर्षाकांठीं एखादा दिसे, तो नित्याचा झाला.

या रोगाच्या इतिहासांत इव्हार्ट्स ग्रॅहॅम या शस्त्रवैद्याचें नांव दोन ठिकाणीं येतें, आणि दोन्ही ठिकाणें एकमेकांसमोर ठेवून पाहण्यासारखीं आहेत. १९३३ च्या एप्रिल महिन्यांत सेंट लुइस शहरीं त्याच्याकडे पिट्सबर्गचा एक अठ्ठेचाळीस वर्षांचा वैद्यच रोगी म्हणून आला. श्वासनलिकेंत नळी घालून तिच्या अस्तराचा तुकडा काढला गेला होता, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं तो कर्करोगाचा ठरला होता. ग्रॅहॅमनें त्याचें डावें फुप्फुस एकाच वेळीं समूळ काढलें. कर्करोगासाठीं संपूर्ण फुप्फुस काढून रोगी बरा झाल्याचें हें पहिलें उदाहरण. तो वैद्य पुढें तीस वर्षें जगला. इकडे ग्रॅहॅम स्वतः सिगारेट ओढीत असे, आणि धूम्रपानानें हा रोग होतो यावर त्याचा प्रथम विश्वास नव्हता. अर्न्स्ट विंडर नांवाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानें माहिती गोळा करण्याचा हट्ट धरला, तेव्हां त्यानें त्याला परवानगी दिली. दोघांचा निबंध १९५० सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्यांत ६८४ रोग्यांच्या माहितीवरून धूम्रपानाचा दोष उघड झाला. त्याच वर्षीं इंग्लंडांत डॉल आणि हिल यांचेंहि संशोधन त्याच निष्कर्षास आलें. पुराव्यापुढें ग्रॅहॅम नमला, आणि पुढें त्यानें सिगारेट सोडली. परंतु १९५७ सालीं त्याच्या दोन्ही फुप्फुसांत कर्करोग पसरलेला आढळला, आणि निदानानंतर थोड्याच आठवड्यांत तो वारला. त्यानें वांचविलेला रोगी त्याच्या मागें सहा वर्षें जिवंत होता. एकाचा रोग नळीच्या दिव्याखालीं वेळीं सांपडला. दुसऱ्याचा सांपडला तेव्हां शस्त्र उचलण्याची वेळ निघून गेली होती. लवकर दिसणें म्हणजे काय, याचा याहून स्पष्ट दाखला शोधूनहि मिळणार नाहीं.

पण लवकर म्हणजे तरी केव्हां? याचें उत्तर प्रेतपरीक्षेच्या मेजावरून आलें. न्यू जर्सींतील ऑस्कर ऑयरबाख यानें मृत माणसांच्या श्वासनलिकांचे हजारों पातळ काप करून ते सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले, आणि १९५७ पासून १९६१ पर्यंत आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. कर्करोग एका रात्रींत उगवत नाहीं, असें त्याला दिसलें. निरोगी अस्तराच्या पेशींवर बारीक केसांची झालर असते, आणि ती धूळ वर लोटते. धुरानें ही झालर झडते, पेशी चपट्या होतात, त्यांचे थर वाढतात, त्यांची मांडणी विसकटते, आणि शेवटीं त्या पूर्ण कर्करोगाचें रूप धारण करतात. परंतु अस्तराच्या तळाची सीमा ओलांडून खालीं शिरत नाहींत. दाराशीं आलेला पण उंबरठा न ओलांडलेला असा हा शत्रु होय. या अवस्थेला पोंचावयास बहुधा पुष्कळ वर्षें लागतात. म्हणजे पकडावयास वेळ आहे. मात्र तो दिसला पाहिजे.

आणि नेमका तोच दिसत नव्हता. असा डाग कांहीं थोड्या मिलिमीटरांचा असतो, आणि त्याची जाडी कित्येकदां मिलिमीटरभरहि नसते. क्ष-किरणांच्या चित्रांत त्याची सावली पडत नाहीं. मेयो क्लिनिकमधील अनुभवी तपासनिसांच्या नजरेसहि पांढऱ्या प्रकाशांत असे डाग शंभरांतून अवघे एकोणतीस दिसत, असें तेथील रोगविकारतज्ज्ञ वूल्नर यानें नमूद केलें आहे. दिवा होता, डोळा होता, वस्तु समोर होती. तरी दर्शन घडत नव्हतें.

एक अडचण नळीची होती. लोखंडी सरळ नळी मोठ्या फांद्यांपर्यंतच जाई, आणि रोग्यास तिचा त्रासहि फार होई. ही अडचण कांचेनें सोडविली. केसासारख्या बारीक कांचेच्या तंतूंत एका टोंकानें शिरलेला प्रकाश आंतल्या आंत परावर्तन पावत, तंतु वांकला तरी, दुसऱ्या टोंकापर्यंत पोंचतो. अशा तंतूंची जुडी करून तींतून चित्र पाठवितां येतें, हें लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि नरिंदरसिंग कपानी यांनीं १९५४ सालीं दाखविलें. कपानी हे पंजाबांतील मोगा गांवचे. तीन वर्षांनीं बॅसिल हिर्शोविट्झ यानें अमेरिकेंत अशा तंतूंनीं जठर पाहिलें. श्वासनलिकेसाठीं हें साधन घडविण्याचें श्रेय टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रांतील शिगेतो इकेदा यांना आहे. १९६६ सालीं त्यांनीं कोपनहेगनच्या परिषदेंत आपलें लवचिक उपकरण मांडलें. बोटाहूनहि बारीक, वेलीसारखें वळणारें हें उपकरण श्वासवृक्षाच्या लहान फांद्यांपर्यंत उतरूं लागलें, आणि रोगी जागा असतांना तपासणी होऊं लागली. १९८७ सालीं इकेदा यांनींच तंतूंच्या जागीं टोंकाला सूक्ष्म कॅमेरा बसविलेलें उपकरण आणलें. आतां एका डोळ्यानें डोकावण्याऐवजीं खोलींतील सर्वांना पडद्यावर चित्र दिसूं लागलें.

वाट सुधारली, प्रकाश मात्र तोच राहिला. आणि दोष प्रकाशाच्या कमी-अधिक तेजांत नसून त्याच्या रंगांत आहे, ही गोष्ट हळूहळू ध्यानांत आली. कांहीं पदार्थांवर निळा किंवा जंबुपार प्रकाश पडला म्हणजे ते निराळ्याच रंगाचा मंद प्रकाश परत देतात. या गुणाला प्रतिदीप्ति म्हणतात. १९२४ सालीं फ्रान्सांतील लिआँ शहरीं पोलिकार यानें जंबुपार प्रकाशांत उंदरांच्या कांहीं अर्बुदांना तांबडी प्रतिदीप्ति असलेली पाहिली. तिचें कारण रक्ताच्या रंगद्रव्याशीं नातें असलेलीं पॉर्फिरिन द्रव्यें होत. त्याच्याहि पूर्वीं, १९१२ सालीं, मायर-बेट्झ या जर्मन वैद्यानें असें द्रव्य स्वतःच्या शिरेंत टोंचून घेतलें होतें. उन्हांत जातांच त्याचें तोंड व हात सुजून आले, आणि कित्येक आठवडे त्याला उन्हाची बाधा होत राहिली. १९६० च्या सुमारास मेयो क्लिनिकमध्यें लिप्सन यानें तशाच एका शुद्ध केलेल्या द्रव्याचा उपयोग करून श्वासनलिकेंतील अर्बुदें चमकवून दाखविलीं. द्रव्य रोग्याच्या शिरेंत टोंचावें, निळा-जांभळा प्रकाश सोडावा, आणि रोगट भाग तांबडा उजळतांना पाहावा, अशी ही रीति होती. पण रोग्याला पुढें कित्येक आठवडे उन्हापासून लपून राहावें लागे. ज्याला रोग आहे कीं नाहीं हेंच ठाऊक नाहीं, अशा माणसाला एवढी शिक्षा कशी द्यावी?

या कोड्याचें उत्तर कॅनडांतील व्हँकूव्हर शहरीं मिळालें. स्टीफन लॅम, ब्रँको पाल्चिक आणि त्यांचे सहकारी द्रव्याची मात्रा कमी करीत चालले होते. तेव्हां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, द्रव्य मुळींच दिलें नाहीं तरी निरोगी आणि रोगट अस्तरांत फरक दिसतोच! निरोगी अस्तराच्या खालीं जें तंतुमय पटल असतें, तें निळ्या प्रकाशांत स्वभावतःच हिरवें उजळतें. निरोगी अस्तर हें मलमलीच्या पडद्यासारखें असल्यामुळें ती हिरवी आभा वर येते. जेथें पेशींचे थर वाढलेले असतात, तेथें तो पडदा गोधडीसारखा जाड होतो. त्या ठिकाणीं रक्तहि अधिक खेळतें, आणि तें प्रकाश शोषून घेतें. परिणामीं तो भाग हिरव्या शेतांत पडलेल्या तांबूस-तपकिरी डागासारखा उठून दिसतो. ४४२ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश आणि अत्यंत मंद उजेड टिपणारे कॅमेरे यांवर उभारलेल्या या उपकरणास १९९६ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळाली. त्याच्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांचा शब्द ‘जीवन’ या अर्थाचा होतो.

१९९८ सालीं लॅम आणि अनेक रुग्णालयांतील त्यांचे सहकारी यांनीं १७३ व्यक्तींचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांत अस्तराचे ७०० तुकडे तपासलेले होते. केवळ पांढऱ्या प्रकाशाशीं तुलना करतां, दोन्ही प्रकाशांनीं मिळून अस्तरापुरत्या मर्यादित विकारांचा शोध सहापटींहून अधिक लागला. जगभर याचें स्वागत झालें, आणि तें योग्यच होतें. परंतु त्याच निबंधांतील दुसरा आंकडाहि तितकाच बोलका आहे. नव्या प्रकाशांत संशयित ठरलेल्या डागांपैकीं खरोखरीचे विकार केवळ तृतीयांश निघाले. उरलेले डाग साध्या दाहाचे, जखमेचे किंवा निरुपद्रवी बदलांचे होते. ज्याच्या हातीं असा दिवा आला त्याला पुष्कळ दिसूं लागलें; पण त्यांतलें खरें कोणतें हें ओळखण्यास सूक्ष्मदर्शकाकडेच जावें लागलें.

पुढचे प्रयत्न ही उणीव भरून काढण्यासाठीं झाले. जपानी संशोधकांनीं प्रकाशांतून फक्त दोन अरुंद पट्टे निवडले, एक ४१५ नॅनोमीटरचा निळा आणि दुसरा ५४० नॅनोमीटरचा हिरवा. हे रंग रक्तानें विशेष शोषले जातात; त्यामुळें अस्तरांतील बारीक रक्तवाहिन्यांचें जाळें शाईनें रेखाटल्यासारखें स्पष्ट होतें. रोगट अस्तर आपल्या पोषणासाठीं नवीं आंकडेबाज रक्तवाहिन्यांचीं वळणें उत्पन्न करतें, आणि तींच त्याची चहाडी करतात. चिबा विद्यापीठाच्या शिबुया प्रभृतींनीं २००३ सालीं श्वासनलिकेंत ही पद्धति उपयोगांत आणल्याचें प्रसिद्ध केलें. तोंपर्यंत श्राव्यातीत ध्वनीची बारीक सळई नळींतून आंत नेऊन, अर्बुद भिंतींत किती खोल रुतलें आहे, कूर्चेपर्यंत पोंचलें आहे कीं नाहीं, हेंहि मोजतां येऊं लागलें होतें. १९९१ सालीं अमेरिकेंत डोळ्याच्या पटलासाठीं शोधलेली, प्रकाशाच्या परतलेल्या लहरींवरून थरांचें चित्र काढणारी एक पद्धति पुढें श्वासनलिकेंतहि आली. ती सुमारें दोन मिलिमीटर खोलीपर्यंतचे थर, तुकडा न काढतां, दाखविते. अशा रीतीनें एक दिवा विस्तीर्ण क्षेत्रांतून संशयित जागा निवडतो, दुसरा तिचें रूप न्याहाळतो, आणि तिसरा तिची खोली मोजतो.

पाहिल्यानंतर करावयाचें काय, यालाहि प्रकाशानेंच एक उत्तर दिलें. १९८० सालीं टोकियोच्या हायाता आणि कातो यांनीं तेंच पॉर्फिरिन द्रव्य रोग्यास देऊन श्वासनलिकेंतील लहानशा कर्करोगावर लेसरचा तांबडा प्रकाश सोडला. द्रव्य आणि प्रकाश यांच्या संयोगानें रोगट पेशी मरतात, आणि फुप्फुस कापावें लागत नाहीं. ज्या गुणानें मायर-बेट्झचे हात सुजले होते, तोच येथें औषध ठरला. मात्र हा उपाय पातळ, उथळ डागांपुरताच चालतो. म्हणूनच ते लवकर सांपडणें अगत्याचें.

येथपर्यंतची हकीकत वाचून वाचकांस वाटेल कीं, आतां विजय झालाच. इतिहास असा सरळ चालत नाहीं. युरोपांत ११७३ व्यक्तींवर एक मोठा प्रयोग झाला, आणि तो २००५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत कोणास कोणत्या प्रकाशानें तपासावें हें चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें ठरविलें होतें. पूर्वविकार असलेल्या व्यक्ति केवळ पांढऱ्या प्रकाशांत शेंकडा २·७, तर दोन्ही प्रकाशांत शेंकडा ५·१ सांपडल्या. लाभ खराच होता. पण पूर्वीं वाटला तेवढा मोठा नव्हता. शिवाय मधल्या काळांत रोगानेंहि आपलें ठाणें हलविलें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मोठ्या श्वासनलिकांत होणारा कर्करोग मागें पडून फुप्फुसाच्या कडेच्या भागांत होणारा वाढत गेला. गाळणीच्या सिगारेटचा धूर अधिक खोल ओढला जातो, हें त्याचें एक कारण मानलें जातें. तेथपर्यंत नळीचा दिवा सहसा पोंचत नाहीं. त्या ठिकाणीं अल्प क्ष-किरणांचा सीटी स्कॅन उपयोगी पडतो. अमेरिकेंत ५३,४५४ धूम्रपानी व्यक्तींवर झालेल्या प्रयोगानें २०११ सालीं दाखविलें कीं, अशा तपासणीनें साध्या क्ष-किरणांच्या तुलनेनें फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यु शेंकडा वीस कमी होतात. मृत्यु कमी होतात असा पुरावा श्वासनलिकेंतील रंगीत दिव्यांच्या वांट्यास अद्याप आलेला नाहीं. तरी सीटीला जो पातळ डाग दिसत नाहीं, त्याच्यासाठीं, तसेंच ज्याचा कर्करोग एकदां काढला आहे त्याच्या देखरेखीसाठीं, या दिव्यांची गरज संपलेली नाहीं.

सर्वांत गहन प्रश्न मात्र निराळाच आहे. दारांत उभा असलेला प्रत्येक शत्रु घरांत शिरतोच काय? लंडनच्या संशोधकांनीं अशा डागांवर तत्काळ शस्त्र न चालवितां, स्वयंप्रतिदीप्तीच्या दिव्यानें वारंवार तपासणी करून वर्षानुवर्षें पाळत ठेवली. २०१९ सालीं त्यांनीं जें प्रसिद्ध केलें, त्यावरून असें दिसतें कीं, कर्करोगासारखे दिसणारे हे डाग सुमारें निम्मे पुढें खऱ्या कर्करोगांत परिणत होतात; कांहीं आपोआप मावळतात. सूक्ष्मदर्शकाखालीं दोघांचें रूप सारखेंच. भेद असतो तो पेशींच्या अंतर्गत रचनेंतील बिघाडांत. म्हणजे ज्याचा डाग मावळणार होता, त्याच्यावर शस्त्र चालविलें तर अन्याय. आणि ज्याचा वाढणार होता, त्याला थांबविलें तर घात. दीडशें वर्षें पाहण्याची शक्ति वाढत गेली, तेव्हां कुठें हा प्रश्न नीट मांडतां आला. अज्ञानांत तो पडलाच नसता. दिव्यानें उत्तर दिलें नाहीं असें म्हणण्यापेक्षां, दिव्यानें योग्य प्रश्न दाखविला, असें म्हणणें अधिक न्यायाचें होईल.

आणि याच नळीनें आणखी एक गोष्ट दाखविली आहे. ऑयरबाखनें १९६२ सालींच नमूद केलें होतें कीं, ज्यांनीं पुष्कळ वर्षांपूर्वीं धूम्रपान सोडलें, त्यांच्या श्वासनलिकांत ते विकृत थर फार कमी आढळतात. २०२० सालीं इंग्लंडांतील संशोधकांनीं जिवंत व्यक्तींच्या श्वासनलिकांतून काढलेल्या एकेका पेशीची आनुवंशिक द्रव्यरचना तपासली. धूम्रपान सोडलेल्यांच्या अस्तरांत त्यांना अशा पुष्कळ पेशी मिळाल्या कीं, ज्यांवर धुराची खूण जवळजवळ नव्हती. जणूं त्यांनीं कधीं सिगारेट पाहिलीच नव्हती. कोठल्या तरी कोपऱ्यांत जपून राहिलेलें निरोगी बीज धूर थांबतांच पुन्हां पसरतें, असा त्याचा अर्थ लावला जातो. जॅक्सनला नळींत जळलेलीं मुलें दिसलीं आणि तो डब्यावरील अक्षरांकडे वळला. येथेंहि दिवा आंत नेल्यावर तो बाहेरच्या ओठांवरील विस्तवाकडेच बोट दाखवितो. व्हँकूव्हरचा निळा प्रकाश, जपानचे अरुंद पट्टे, लंडनची धीराची पाळत, हीं सर्व माणसाच्या बुद्धीचीं भूषणें आहेत, आणि ज्यांना रोग झालाच त्यांच्यासाठीं त्यांचें मोल मोठें आहे. परंतु ज्यांना तो अद्याप झालेला नाहीं, त्यांच्या श्वासनलिकेचें अस्तर पुन्हां स्वच्छ करण्याचें काम, संधि मिळाली तर, शरीर स्वतःच अंधारांत करीत असतें. त्याला दिव्याची गरज लागत नाहीं. धूर थांबण्याची मात्र लागते.